वारा येईल तसं तोंड द्यावं

मागच्या रविवारी माझं नवंकोरं रिमोटचं विमान बाभळीत जाऊन अडकलं. चूक विमानाची नव्हती. झाडं डोलताना दिसत होती, पण धीर कोणाला होता! संध्याकाळी तुटका पंख चिकटवता चिकटवता राइट बंधूंबद्दल वाचत बसलो आणि जरा बरं वाटलं. :)

शाळेत आपण फक्त १७ डिसेंबर १९०३ ही तारीख पाठ करतो. त्याआधीचा गृहपाठ कोणी सांगत नाही. १८९६ साली जर्मनीत ऑटो लिलिएन्थालच्या ग्लायडरचं नाक वाऱ्याच्या झोतानं वर उचललं गेलं, तो सुमारे १५ मीटरवरून कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. दोन हजारांवर उड्डाणं केलेला माणूस! राइट बंधू हे विसरले नाहीत. त्यांनी हवामान खात्याकडून वाऱ्याचे आकडे मागवले आणि १९०० मध्ये डेटनहून थेट किटी हॉक गाठलं. तिथे समुद्रावरचा वारा, झाडं नाहीत आणि पडलंच तर खाली मऊ वाळू.

'त्या' दिवशी वारा ताशी ३२ ते ४३ किलोमीटर होता. पहिलं उड्डाण १२ सेकंद, १२० फूट. गणित करा: जमिनीवरून वेग ताशी जेमतेम ११ किलोमीटर! विल्बर शेजारून पळत होता. पण समोरच्या वाऱ्यामुळे पंखांना मिळणारा वेग त्याच्या चौपट-पाचपट होता. १२ अश्वशक्तीच्या इंजिनाला तो वारा हवाच होता.

त्याच वाऱ्यानं नंतर दगा दिला. चौथं उड्डाण ५९ सेकंदांचं झालं, मग जमिनीवर उभं असलेलं विमान एका झोतात उलथलं. ते पुन्हा कधीच उडालं नाही. १९१३ मध्ये ऑर्विलनं स्वतःच लिहिलं, की आज इतक्या अनुभवानंतरही अनोळखी विमान घेऊन अशा वाऱ्यात मी पहिलं उड्डाण करायला धजणार नाही.

मग माझी काय कथा? माझं अर्ध्या किलोचं विमान ताशी ३० नं उडतं असं धरा. वारा २० चा असेल, तर वाऱ्याबरोबर ते ५० नं लांब पळतं आणि परत येताना १० नं रखडतं. तोवर बॅटरी संपते, नाहीतर बाभूळ येते.

म्हणून आता पहाटे उठायचं. पान हलत नसेल तेव्हाच, माणसं आणि तारा नसलेल्या मोकळ्या मैदानात जायचं. सोडताना आणि उतरवताना तोंड वाऱ्याकडे. म्हणीत वाऱ्याला पाठ देतात, विमानाचं उलटं असतं.

आणि वारा असेल तर? सरळ घरी येऊन चहा. विमान पुढच्या रविवारीही असतं.