दवाखाना बंद झाल्यावर जायचं कुठं? गावच्या सरकारी दवाखान्याची वेळ आणि अवेळ, सगळी माहिती एका ठिकाणी

दुपारचे दोन वाजलेत, पोरगं तापानं फणफणलंय आणि आरोग्य केंद्राच्या ओपीडीला कुलूप दिसतंय. किंवा रात्री शेतात पाणी द्यायला गेलेल्या माणसाला काहीतरी चावलंय. अशा वेळी अनेकजण 'आता दवाखाना बंद असेल' असं धरून चालतात आणि सकाळची वाट बघतात. काही आजारांत तेवढी वाट बघणं जिवावर बेततं. ओपीडी बंद झाली म्हणजे दवाखाना बंद झाला, असं नसतं. म्हणून ही माहिती घरातल्या प्रत्येकाला असायला हवी.

कोणता दवाखाना कशासाठी?

साधारण 5 हजार लोकसंख्येमागे (डोंगरी व आदिवासी भागात 3 हजार) एक उपकेंद्र असते. तिथे एएनएम सिस्टर आणि बऱ्याच ठिकाणी समुदाय आरोग्य अधिकारी असतात. लसीकरण, गरोदरपणाची तपासणी, बीपी-शुगर, किरकोळ दुखणं यासाठी तिथे जावे. 30 हजार लोकसंख्येमागे (डोंगरी व आदिवासी भागात 20 हजार) प्राथमिक आरोग्य केंद्र म्हणजेच पीएचसी असते. तिथे वैद्यकीय अधिकारी असतात. त्यावर 30 खाटांचे ग्रामीण रुग्णालय, मग उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय.

ओपीडीची वेळ

आरोग्य केंद्राची ओपीडी सर्वसाधारणपणे सकाळी साडेआठ ते साडेबारा आणि दुपारी 4 ते 6 अशी असते. रविवारी व सुट्टीच्या दिवशी ओपीडी नसते. आपल्या केंद्राची नेमकी वेळ दारावरच्या फलकावर असते. तिचा मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवावा. केंद्राचा फोन नंबर आणि आशाताईंचा नंबरही सेव्ह करावा.

सर्दी-खोकला, जुनं दुखणं, बीपी-शुगरच्या गोळ्या, ड्रेसिंग ही कामे ओपीडीच्या वेळेतच करावीत. गोळ्या संपायच्या चार दिवस आधी जावे. जुना केसपेपर आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्यावीत.

15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी व उपचार मोफत आहेत. केसपेपरलाही पैसे लागत नाहीत.

ओपीडी संपल्यावर काय?

बाळंतपण आणि तातडीच्या रुग्णांसाठी आरोग्य केंद्राची सेवा 24 तास असते. रात्री ड्युटीवरच्या सिस्टर असतात, गरज पडली की त्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलावतात. ओपीडीचा दरवाजा बंद दिसला तर प्रसूती कक्षाकडे किंवा मागच्या बाजूला कर्मचारी निवासाकडे जाऊन हाक द्यावी. निघण्याआधी आशाताईंना फोन केला तर त्या पुढे कळवू शकतात.

पण प्रत्येक वेळी आरोग्य केंद्रच गाठायचे असे नाही. छातीत दाबल्यासारखं दुखून दरदरून घाम येणे, अचानक तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, बोबडी वळणे, मोठा अपघात अशा वेळी थेट 108 ला फोन करावा. लकवा मारल्यावर गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, तेही सीटी स्कॅन केल्यावर. ही सोय आरोग्य केंद्रात नसते. तिथे जाऊन परत निघण्यात मोलाचा वेळ जातो.

कोणता नंबर कशासाठी?

108 – अपघात, सर्पदंश, हृदयविकार, कोणतीही तातडी. 2014 पासून राज्यात सुरू, 24 तास, मोफत, गाडीत डॉक्टर असतात.

102 – गरोदर माता आणि एक वर्षापर्यंतचे आजारी बाळ. दवाखान्यात नेणे, पुढच्या दवाखान्यात हलवणे आणि बाळंतपणानंतर घरी सोडणे, तिन्ही मोफत.

112 – पोलीस, आग, कोणतेही संकट.

14416 – टेलिमानस. मनावर ताण, जीव नकोसा वाटणे, अशा वेळी 24 तास मोफत सल्ला.

108 ला फोन केल्यावर गाव, तालुका, वस्तीचे नाव आणि जवळची खूण (फाटा, मंदिर, शाळा, डेअरी) सांगावी. रुग्णाचं वय आणि काय झालंय ते थोडक्यात सांगून फोन चालू ठेवावा. वस्ती आत असेल तर एका माणसाला बॅटरी घेऊन फाट्यावर उभं करावं. रात्री गाडी चुकते ती बहुतेक शेवटच्या वळणावरच.

साप चावला तर

नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप. मण्यार चावल्यावर दुखतही नाही, त्यामुळे झोपेतल्या माणसाला कळत नाही. जखम कापू नये, चोखू नये, करकचून दोरी बांधू नये. चावलेला हात-पाय हलू देऊ नये आणि लगेच निघावे. सापावरची लस आरोग्य केंद्रात व ग्रामीण रुग्णालयात ठेवली जाते. एकाने फोन करून लस आहे का विचारावे, दुसऱ्याने गाडी काढावी. साप मारून आणायची गरज नाही. मांत्रिकाकडे एक तासही घालवू नये.

कुत्रा चावला तर

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची लावू नये. पहिलं इंजेक्शन त्याच दिवशी घ्यावं. सरकारी दवाखान्यात साधारणपणे चावल्यानंतर पहिल्या, मग तिसऱ्या, सातव्या आणि 28 व्या दिवशी अशी लस देतात. एकही डोस चुकवू नये. जखम खोल असेल तर वेगळं इंजेक्शनही लागतं, त्यासाठी मोठ्या रुग्णालयात पाठवले जाते.

बाळंतपणाची तयारी

नववा महिना लागला की 102 चा नंबर, माता बाल संरक्षण कार्ड आणि कपड्यांची पिशवी तयार ठेवावी. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त आणि तिथलं जेवण मोफत आहे. अंगावरून रक्त जाणे, झटके येणे, डोकं प्रचंड दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, बाळाची हालचाल कमी होणे यापैकी काहीही झालं तर कळांची वाट न बघता निघावे.

खासगी डॉक्टरांनी नकार दिला तर

जीव वाचवण्यासाठी प्रथमोपचार देणं सरकारी आणि खासगी अशा प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच दिला आहे. 'आधी पोलिसांना आणा' म्हणून अपघाताच्या रुग्णाला थांबवता येत नाही.

कुणीच भेटलं नाही तर

आधी रुग्णाला हलवावे, तक्रार नंतर. तारीख, वेळ लिहून ठेवावी, बंद दाराचा फोटो काढावा. आरोग्य केंद्राची तक्रार तालुका आरोग्य अधिकारी किंवा जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे, तर ग्रामीण रुग्णालयाची जिल्हा शल्य चिकित्सकांकडे लेखी द्यावी. पोच घ्यायला विसरू नये. 'आपले सरकार' पोर्टलवरही तक्रार करता येते. ग्रामसभेत विषय मांडून ठराव केला तर तक्रारीला वजन येतं.

हे नंबर आज रात्रीच मोबाईलमध्ये घ्यावेत. घरातल्या ज्यांच्याकडे मोबाईल नाही, त्यांच्यासाठी दाराच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत.