भावनियमन, बालवयातील

मनात उसळलेल्या भावनेची तीव्रता, तिचा कालावधी आणि तिचा आविष्कार प्रसंगानुरूप कमी-अधिक करण्याच्या क्षमतेस भावनियमन म्हणतात. भावना दडपणे हे भावनियमन नव्हे. धाकाने गप्प झालेले मूल बाहेरून शांत दिसले, तरी त्याच्या शरीरातील ताण ओसरलेला असतोच असे नाही.

ही क्षमता आधी दोघांच्या संबंधात आकार घेते आणि मग एकट्याची होते. तान्हे मूल अंगठा चोखते, नकोशा दृश्यावरून नजर वळवते, पण याहून फारसे काही त्याला स्वतःहून साधत नसल्याने उचलून घेणे, थोपटणे, जोजवणे यांतून सांभाळणारी व्यक्तीच त्याची अस्वस्थता शमवते. यास सहनियमन अशी संज्ञा आहे. एडवर्ड ट्रॉनिक व सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बाळाशी खेळणाऱ्या आईने अचानक चेहरा निर्विकार ठेवला, तेव्हा बाळाने तिला पुन्हा बोलते करण्यासाठी धडपड केली आणि प्रतिसाद मिळेना तेव्हा तोंड फिरवले. दोन-तीन वर्षांच्या मुलाचा हट्ट व आकांडतांडव हेही बहुधा विकाराचे लक्षण नसते, कारण आवेगाला आवर घालणारा मेंदूचा अग्रभाग पक्व होण्यास विशीचा मध्य उजाडतो. राग, भीती, हिरमोड यांना शब्द सापडू लागले, की रडण्याच्या जागी सांगणे येऊ लागते.

मानसिक आरोग्याशी असलेला संबंध मात्र सरळ रेषेचा नाही. न्यूझीलंडमधील डनीडन येथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांच्या दीर्घ अभ्यासात, बालपणी आत्मनियंत्रण (ही भावनियमनाहून व्यापक संकल्पना आहे) कमी असलेल्यांमध्ये वयाच्या ३२ व्या वर्षी व्यसनाधीनता अधिक आढळली, परंतु नैराश्याबाबत तसा संबंध दिसला नाही. सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या सहवासाचा मानसिक आरोग्यावर परिणाम होतो, या कार्यकारणाचा अधिक भक्कम पुरावा रुमानियातील बुखारेस्ट येथून मिळतो. तेथे अनाथाश्रमांतील १३६ बालकांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यादृच्छिक निवडीने पालक-कुटुंबांत ठेवण्यात आले. साडेचार वर्षांच्या वयात या मुलांमध्ये चिंता व नैराश्याचे विकार संस्थेत राहिलेल्यांपेक्षा कमी आढळले, पण अवधानातील त्रुटी व अतिचंचलता यांत तशी घट झाली नाही.