सलूनवाल्याला मास्तर होता येतं का? शिक्षण कोणतं, कागद कोणते, कुठं विचारायचं

बाजारच्या दिवशी आमच्या तालुक्याच्या गावात सलूनमध्ये बसायला जागा मिळत नाही. मी ज्याच्याकडे केस कापतो तो सकाळी ७ ला उभा राहतो तो रात्री ९ ला टेकतो. वय माझ्याएवढंच, चाळीशीच्या पुढं. हात अजून छान चालतो, पण गुडघे आणि कंबर कुरकुरायला लागलेत. आजवर त्याच्या हाताखाली ५ पोरं तयार झाली, पाचही शहरात चांगली कमावतात. शिकवलं यानं, पण शिकवण्याचा एक रुपया याला कधी मिळाला नाही. "अजून १० वर्षं उभं राहणं होईल का रे?" असं त्यानं विचारलं, म्हणून ही माहिती गोळा केली. ब्युटी पार्लर चालवणाऱ्या ताईंनाही ती तेवढीच कामाची आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्या. चांगले केस कापता येणं आणि ते दुसऱ्याला शिकवता येणं, ही दोन वेगळी कामं आहेत. वडिलांच्या काळात सुगीत खळ्यावर बलुतं घालायचे आणि धंदा बापाकडून पोराकडे जायचा. पोरगं वर्षानुवर्षं शेजारी उभं राहून बघायचं, शब्दांची गरजच नव्हती. आजही उस्तादाला विचारलं तर तो म्हणतो, "माझ्या हाताकडं बघ." पण वर्गात २० पोरं बसली आणि शिकवायला महिनाच असला, तर हाताकडं बघून भागत नाही. का, किती, कशानं, हे सांगावं लागतं.

पुढच्या प्रशिक्षणात हेच मिळतं. भोवऱ्याजवळ केस फार आखूड कापले की उभे राहतात, हे प्रत्येक कारागिराला माहीत आहे. पण केस किती अंशात उचलून धरला तर काय होतं, हे तिथं मापानं शिकवतात. केस खाली सरळ, म्हणजे शून्य अंशात धरून कापला तर सगळे एका रेषेत येतात. ४५ अंशात धरला तर उतार पडतो, ९० अंशात धरला तर लेयर. डोक्याचे भाग पाडायचे, क्लिपा लावायच्या, आधी पुतळ्याच्या डोक्यावर हात बसवायचा. रंगाचंही तसंच आहे. डेव्हलपरच्या बाटलीवर २० व्हॉल्यूम लिहिलं असेल तर त्यात ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असतं, ४० असेल तर १२ टक्के. काळ्या डायमध्ये बहुधा पीपीडी नावाचं रसायन असतं, त्यानं काहींचं तोंड सुजतं. म्हणून ४८ तास आधी कानामागे किंवा कोपरात थोडा लावून बघायचा. आपल्याकडं किती दुकानांत हे होतं, तुम्हीच सांगा. ब्लेड प्रत्येक गिऱ्हाईकाला नवं का, तर रक्तातून कावीळ-बी आणि एचआयव्ही पसरू शकतो. हे कारणासकट सांगता आलं की कारागिराचा शिक्षक व्हायला लागतो.

लंडनचा विडाल ससून (जन्म १९२८) गरीब घरातला. १४ व्या वर्षी त्याला एका केशकर्तनालयात उमेदवारीला लावलं, १९५४ मध्ये त्यानं बाँड स्ट्रीटवर स्वतःचं दुकान टाकलं. १९६० नंतरच्या वर्षांत त्यानं केस कापणं रेषा आणि कोनांत बसवलं. कोनात बसवलं म्हणूनच ते शिकवता आलं, आणि त्याच्या नावाच्या शाळा निघाल्या.

आता आपल्याकडचा रस्ता. नियमाप्रमाणं सगळ्यात पक्का रस्ता आयटीआयचा. कॉस्मेटॉलॉजी हा १ वर्षाचा ट्रेड आहे, त्याला दहावी पास लागते. त्यानंतर शिल्प निदेशक प्रशिक्षण, म्हणजे सीआयटीएस, हे आणखी १ वर्षाचं. त्यात ट्रेडबरोबर शिकवायचं कसं, पाठ कसा आखायचा, परीक्षा कशी घ्यायची, हेही असतं. हे राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थांत चालतं. अशी महिलांसाठीची संस्था मुंबईत आहे. तरुण पोरापोरींनी हाच रस्ता धरावा. दुकान चालवणाऱ्या संसारी माणसाला २ वर्षं बाहेर राहणं जमत नाही.

त्याच्यासाठी दुसरा मार्ग आहे. आधी आरपीएल करून घ्यायचं. म्हणजे येत असलेल्या कामाची परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यायचं. मग ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलचं टीओटी, म्हणजे प्रशिक्षकांचं प्रशिक्षण. त्यात कामाची परीक्षा वेगळी आणि शिकवण्याची वेगळी. सरकारी योजनांच्या कौशल्य केंद्रांत शिकवायला हे प्रमाणपत्र विचारतात. शिवाय शाळेचं शिक्षण आणि काही वर्षांचा अनुभवही बघतात.

पीएम विश्वकर्मा योजनेबद्दल गैरसमज फार आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेत १८ व्यवसाय आहेत, त्यात नाभिक काम आहे. आधी ५ ते ७ दिवसांचं प्रशिक्षण, मग हवं असेल तर १५ दिवसांचं पुढचं. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत, ५ टक्के व्याजानं आधी १ लाख आणि नंतर २ लाखांपर्यंत कर्ज. एका कुटुंबात एकालाच. नोंदणी सीएससी केंद्रावर होते, पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत. दुकान सुधारायला चांगली योजना आहे, जरूर घ्या. पण त्या प्रमाणपत्रावर कुणी मास्तर होत नाही.

आणखी एक सावधगिरी. ओळखीच्या एका पोरानं शहरातल्या खाजगी क्लासला बापाचे कांद्याचे पैसे भरले. भिंतीवर लावायला झकास सर्टिफिकेट मिळालं, केंद्रावर ते कुणी विचारलंसुद्धा नाही. फी भरण्याआधी प्रमाणपत्र कोण देणार आणि त्यावर एनएसक्यूएफचा स्तर असेल का, हे लेखी विचारा.

गावातल्या माणसाला सगळ्यात जवळचं दार आरसेटीचं. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था बँका चालवतात. तिथं ब्युटी पार्लरसारखे कोर्स राहण्या-जेवणासकट मोफत असतात आणि शिकवायला बाहेरचे जाणकार मानधनावर बोलावतात. मात्र आरसेटी असो वा आयटीआयमधल्या तासिका, बारमाही पगार धरून चालू नका. दुकान पोराच्या हाती देऊन आठवड्यातले काही दिवस शिकवायला जाणं, एवढंच सुरुवातीला धरावं. पत्ता हवा असेल तर जिल्ह्याच्या अग्रणी बँकेत विचारा. जाताना आधार, शाळेचा दाखला, दुकानाचा ग्रामपंचायतीचा कागद आणि असेल तर उद्यम नोंदणी न्या. उद्यम नोंदणी ऑनलाइन फुकट होते.

आमच्या सलूनवाल्याची गाडी नववीत अडलीय. दहावीला बाहेरून बसायला राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म असतो, त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तो शाळेत सापडेना म्हणून गेल्या सोमवारी, दुकान बंद असतं त्या दिवशी, मी आणि तो जुनी रजिस्टरं बघायला गेलो होतो. नाव सापडलं, पण जन्मतारीख आधारपेक्षा वेगळी निघालीय. आता ती दुरुस्ती चालू आहे.