दुष्काळ पाहणारे आणि राहणारे

श्रोतेहो, "वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड" ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. काळी कसदार जमीन, तिच्यात कापूस, घरोघरी ज्वारी. मग अशा मुलखात माणसे भुकेने मरावी कशी? १८९९-१९०० च्या दुष्काळात ती मेली. त्याच सुमारास काही परदेशी माणसे धर्मप्रचारासाठी वऱ्हाडात आली होती. त्यांनी काय पाहिले आणि त्यांच्या नजरेतून काय निसटले, हे आज आपण पाहू.

इंग्रजी कागदात वाशीमचे नाव तेव्हा 'बासिम' असे होते. ते जिल्ह्याचे ठाणे होते. बासिम, मंगरूळ आणि पुसद हे त्याचे तालुके. १९०५ साली हा जिल्हा मोडला, बासिम आणि मंगरूळ अकोल्यात गेले, पुसद यवतमाळात गेला, आणि आजचा वाशीम जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. दुष्काळाच्या वेळी वाशीमला आगगाडी आलेली नव्हती. धान्य यायचे ते बैलगाडीने.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस बंद पडला आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव चढला. १८६७ पर्यंत रेल्वे नागपूरला पोचली. गाठी मुंबईला जाऊ लागल्या, पैसा येऊ लागला. पण तो आला कुणाच्या घरी? जमीनवाल्याच्या, सावकाराच्या, व्यापाऱ्याच्या. मजुराच्या हाती रोजच्या रोजीपलीकडे काही उरत नव्हते. १८९६-९७ सालीच धान्य महाग झाले होते. पुढे १८९९ ला पाऊस गेला. आता बघा, पीकच नाही म्हटल्यावर निंदण नाही, कापसाची वेचणी नाही, ज्वारीची कापणी नाही. रेल्वेने बाहेरचे धान्य अकोल्याच्या बाजारात येऊ शकत होते, पण ते घ्यायला मजुराच्या हातात पैसा नव्हता. धान्य तुटले होतेच, पण त्याहून जास्त तुटली होती मजुरी. सरकारने दुष्काळी कामे काढली. शेतात राबणारे हात खडी फोडायला बसले.

१८९८ साली पाच अमेरिकन मिशनरी हिंदुस्थानात उतरले आणि आपल्या शेजारी बुलढाण्याला येऊन राहिले. आले होते धर्म सांगायला, आणि वर्ष-दीड वर्षात दाराशी उभी राहिली ती भुकेली पोरे! पोरक्या मुलांना त्यांनी आसरा दिला. देशात इतर ठिकाणीही मिशनऱ्यांनी हेच केले. त्यांची पत्रे आणि हाडांचे सापळे झालेल्या माणसांची छायाचित्रे अमेरिकेतल्या धार्मिक वर्तमानपत्रांत छापून आली. लोकांनी वर्गणी दिली. १९०० साली 'क्विटो' नावाचे जहाज न्यूयॉर्कहून मुंबईला आले. त्यात सुमारे २ लाख बुशेल, म्हणजे जवळजवळ ५ हजार टन मका होता. परक्या देशातल्या साध्या माणसांनी न पाहिलेल्या माणसांसाठी ही मदत केली. तिची आठवण आपण ठेवली पाहिजे.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या चित्रात भूक दिसली. तिच्यामागचा कापसाचा भाव, सावकाराची वही आणि बुडालेली मजुरी दिसली नाही. चित्रातल्या माणसाचे नावसुद्धा बहुधा कुणी लिहून ठेवले नाही. आसऱ्याला गेलेल्या मुलांपैकी पुष्कळ जणांना अन्न मिळाले, अक्षर मिळाले, आणि त्याबरोबर घरचा धर्म सुटला. यावर त्या काळी वाद झाला, आजही होतो. मूल जगले हेही खरे, आणि भुकेल्या मुलाला निवड नव्हती हेही खरे.

येथे पंडिता रमाबाईंची आठवण होते. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत भटकताना त्यांचे आईवडील आणि बहीण उपासमारीने गेली होती. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या. १८९७ साली शेजारच्या मध्य प्रांतात जाऊन त्यांनी दुष्काळातल्या मुली आणल्या. भूक त्यांनी पाहुण्यासारखी पाहिलेली नव्हती, स्वतः सोसलेली होती.

आणि एक उदाहरण खुद्द वाशीमचे. डॉ. ऑर्फा स्पायकर नावाच्या अमेरिकन बाई १९३६ साली हिंदुस्थानात आल्या. १९३८ साली वाशीमला रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले, ते त्यांच्याच हातून. त्या सुमारे ४० वर्षे इथे राहिल्या. इतकी वर्षे राहिलेल्या माणसाला भूक नुसती दुष्काळातच भेटत नाही. ती बाळंतिणीच्या पांढऱ्या पडलेल्या डोळ्यांत भेटते, आणि पेरणी आटोपेपर्यंत दुखणे अंगावर काढणाऱ्या शेतकऱ्यात भेटते. चार दिवसांच्या पाहुण्याला हे दिसत नाही.

गुरुजनहो, ही जबाबदारी आता आपली आहे. बाहेरच्यांनी लिहिले ते कागदावर राहिले. आपल्या पणज्यांनी सोसले ते तोंडीच राहिले. तुमच्या वर्गातल्या मुलांना घरी विचारायला सांगा. दुष्काळात आपले लोक काय खात होते? कोणता पाला, कोणते कंद? गाव सोडून कुठे गेले, कोण परत आले? मिळेल तेवढे वहीत उतरवून घ्या, आणि सांगणाऱ्याचे नाव अवश्य लिहा. त्या छायाचित्रांखाली जे राहून गेले, ते निदान आपल्या वहीत तरी राहू नये.