सोयरिकीचा हिशेब आणि उघडे ठेवलेले दार

पंधराव्या शतकातल्या फ्लॉरेन्समधल्या १६ घराण्यांची सोयरीक ही जाळ्यांच्या संख्याशास्त्रातली सर्वांच्या ओळखीची आकडेवारी. तीत २० सोयरिकी आहेत आणि त्यांतल्या ६ एकट्या मेदिचींच्या. नेहमीच्या सॉफ्टवेअरला प्रत्येक नोंद सुटी हवी असते, पण सोयरीक सुटी नसते. एक जुळली की दुसरी जुळण्याची शक्यता बदलते. १९८६ मध्ये ओव्ह फ्रँक आणि डेव्हिड स्ट्रॉस यांनी हे परस्परावलंबन सूत्रात बसवले, पण गणित अडले. १६ घराण्यांच्या १२० जोड्या होतात आणि त्यांतून संभवणाऱ्या जाळ्यांची संख्या ३७ अंकी निघते. १९९० मध्ये स्ट्रॉस आणि इकेडा यांनी लॉजिस्टिक रिग्रेशनची पळवाट काढली. तिने तयार सॉफ्टवेअरवर काम भागले, पण त्रुटीच्या अंदाजावर विसंबता येईना.

वाट सापडली ती संगणकाकडून जाळी घडवून घेण्यात. संगणक एक जोडी उचलतो, दुवा जोडून किंवा तोडून पाहतो आणि एवढेच विचारतो, की मोजमापात फरक किती पडला? त्रिकोण मोजायचे असतील, तर दोन घराण्यांत सोयरीक जुळताच वाढणारे त्रिकोण म्हणजे त्यांचे सामाईक सोयरे. संपूर्ण जाळे पुन्हा मोजावे लागत नाही. ‘आर’ भाषेतल्या ‘स्टॅटनेट’ संचातले ‘एर्गम’ पॅकेज या प्रश्नावर उभे आहे. म्हणूनच नवे मोजमाप जोडणाऱ्याला फरक सांगणारे छोटेसे ‘सी’ फंक्शन लिहिले की पुरते. अंदाज बांधणाऱ्या यंत्रणेला हात लावावा लागत नाही. २०१३ मध्ये हंटर, गुडरो आणि हँडकॉक यांनी त्यासाठी ‘एर्गम.यूजरटर्म्स’ हा तयार साचाच दिला. या विस्ताराचे श्रेय ‘आर’च्या मोकळेपणाला देतात, ते मला अपुरे वाटते. ‘आर’ने पॅकेज लिहायची मुभा दिली हे खरेच, पण दुसऱ्याच्या पॅकेजच्या पोटात आपले मोजमाप बसवायला नेमकी जागा लागते आणि ती गणिताने दिली.

यावर रास्त आक्षेप असा, की कोणीही काहीही जोडले तर मॉडेल बिघडेल. बिघडतेच, साधी त्रिकोणगणना घेतली, तरी घडवलेली जाळी पुष्कळदा जवळपास रिकामी नाहीतर गच्च भरलेली निघतात. हँडकॉक यांनी २००३ मध्ये या दोषाची चिकित्सा केली. पण हा दोष बाहेरच्या उपऱ्याने आणलेला नव्हता, तो सर्वांत साध्या आणि जुन्या मोजमापातच होता. त्यावरचा उतारा मिळाला तो नव्या मोजमापातून. २००६ मध्ये स्नायडर्स, पॅटिसन, रॉबिन्स आणि हँडकॉक यांनी मांडलेल्या पद्धतीत पहिल्या सामाईक सोयऱ्याचे वजन सर्वाधिक असते आणि पुढच्या प्रत्येकाचे घटत जाते.