त्साय शेन
(११६७–१२३०). चिनी नवकन्फ्यूशियसवादी पंडित, चू शीचा (११३०–१२००) शिष्य आणि ‘शू जिंग’ या प्राचीन राजवचनांच्या ग्रंथाचा भाष्यकार. तो फूज्यानमधील ज्यानयांगचा. वडील त्साय युआनदिंग हे चू शीचे निकटचे सहकारी. त्यामुळे गुरूचा सहवास घरातूनच लाभला. चू शीच्या पंथाला ‘खोटी विद्या’ ठरवून दरबाराने छळ मांडला, तेव्हा युआनदिंग यांना हूनानमधील दावचौ येथे हद्दपार केले गेले. शेन त्यांच्यासोबत पायी गेला. ११९८ मध्ये वडील तिथेच वारल्यावर त्यांचे शव घेऊन तो परतला आणि सरकारी नोकरीचा विचार सोडून ज्योफंग डोंगरात अध्ययन करीत राहिला.

चू शीने कन्फ्यूशियसवादी ‘चार ग्रंथां’वर स्वतः भाष्य लिहिले, ‘शू जिंग’वरचे मात्र राहून गेले. मृत्यूच्या काही महिने आधी, ११९९ च्या हिवाळ्यात, त्याने हे काम शेनवर सोपवले. सुरुवातीची थोडी प्रकरणेच गुरूच्या नजरेखालून गेली. पुढे दहा वर्षे खपून शेनने १२०९ मध्ये ‘शू जी-ज्वान’ पुरे केले. चू शीचा अर्थ म्हणून पुढील पिढ्यांनी जो वाचला, तो बव्हंशी या शिष्याचा आहे.

प्राचीन राजांचा कारभार ‘दाव’वर (मार्गावर) उभा आणि ‘दाव’ मनावर, असे तो प्रस्तावनेत मांडतो. या एका सूत्राने राजाज्ञांचा आणि उपदेशांचा संग्रह मनाच्या साधनेचा ग्रंथ बनला. मानवी मन आणि दाव-मन हा भेद ज्या प्रकरणात येतो, ते मात्र ‘शू जिंग’च्या फक्त ‘जुन्या लिपीतील’ पाठात सापडते, आणि त्या पाठाविषयी खुद्द चू शी साशंक होता. कोणते प्रकरण कोणत्या पाठात आहे, याची नोंद शेनने प्रत्येक ठिकाणी प्रामाणिकपणे केली. वगळले काहीच नाही. सतराव्या शतकात यान रुओचूने फक्त जुन्या लिपीत सापडणारी ती प्रकरणे बनावट असल्याचे दाखवून दिले.

युआन दरबाराने १३१३ मध्ये सरकारी नोकरीच्या परीक्षा पुन्हा सुरू करताना हे भाष्य प्रमाण मानले. मिंग सम्राट होंगवूला त्यातील खगोलविषयक विधाने पटली नाहीत; त्याने दुरुस्त भाष्य करवून घेतले (१३९४). ते टिकले नाही. १४१५ च्या अधिकृत संकलनात आधार पुन्हा शेनचाच घेतला गेला. जेम्स लेगने १८६५ मध्ये केलेल्या ‘शू जिंग’च्या इंग्रजी भाषांतराच्या टिपांतही शेनची मते वारंवार आली आहेत.