तळटाकीचा इतिहास : सागरी मत्स्यालयातील जलशुद्धीकरण आणि अदृश्य श्रम (१८४६ ते १९८६)

प्रस्तावना :

घरगुती प्रवाळ-मत्स्यालय पाहणाऱ्याचे लक्ष काचेमागील प्रवाळांकडे आणि माशांकडे जाते. त्या टाकीखालच्या कपाटात आणखी एक टाकी असते, तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. मुख्य टाकीच्या काठावरून सांडणारे पाणी नळीवाटे तिच्यात उतरते, तेथे त्याचे शुद्धीकरण होते आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. मत्स्यपालक तिला 'सम्प' म्हणतात. प्रस्तुत लेखात 'तळटाकी' ही संज्ञा योजली आहे. तळटाकी हे सर्वसाधारणपणे विसाव्या शतकाच्या अखेरचे तंत्र मानले जाते. तथापि तिचे मूळ तत्त्व एकोणिसाव्या शतकातील आहे आणि खारे पाणी शुद्ध राखण्याचे काम कोणी करावयाचे, या प्रश्नाशी ते निगडित आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

१. मानवी श्रमाचा टप्पा :

१८४६ मध्ये ॲना थिन यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की येथून कठीण प्रवाळ लंडनला आणले. समुद्र दूर असल्याने ताजे पाणी नित्य मिळणे कठीण होते. तेव्हा त्यांच्या घरची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत असे. त्यामुळे पाण्यात प्राणवायू मिसळे आणि प्रवाळ जगत. पुढे थिन यांनी सागरी वनस्पतींचीही जोड दिली. मत्स्यालयाच्या इतिहासात थिन यांचे नाव राहिले. मोलकरणीचा उल्लेख मात्र तिच्या कामापुरताच येतो.

२. स्वयंपूर्ण समतोलाची कल्पना :

१८५० मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी आपल्या प्रयोगांचा वृत्तान्त मांडला. मासे, पाणवनस्पती आणि कुजका भाग खाणाऱ्या गोगलगाई एकत्र ठेवल्यास पाणी न बदलता जीवसृष्टी टिकते, असे त्यांना आढळले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय सुरू झाले आणि १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचा 'द ॲक्वेरियम' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. काचेच्या पात्रात समुद्र ठेवण्याची लाटच मध्यमवर्गीय घरांत आली. मात्र खाऱ्या पाण्याच्या बाबतीत हा समतोल नाजूक ठरला. लहान पात्र लवकर तापे, शेवाळ माजे आणि एखादा जीव मेला तरी सर्व पाणी नासे.

३. लॉइड यांचा भूमिगत जलाशय :

या अडचणीवर विल्यम ॲल्फर्ड लॉइड यांनी वेगळा उपाय योजला. हॅम्बुर्ग (१८६४) आणि लंडनमधील क्रिस्टल पॅलेस (१८७१) येथील मत्स्यालयांत प्रदर्शनाच्या टाक्यांखाली त्यांहून कितीतरी मोठा, अंधारा व थंड जलाशय होता. वाफेवर चालणारे पंप त्यातील खारे पाणी अखंड वर चढवीत आणि ते टाक्यांतून वाहत पुन्हा खाली उतरे. पाण्याचे एकूण आकारमान मोठे असल्याने एका टाकीतील बिघाड सर्वत्र विरळ होई. अंधारामुळे शेवाळास आळा बसे. प्रवाहामुळे प्राणवायू मिसळे. आजच्या तळटाकीची तीन मुख्य तत्त्वे, म्हणजे अतिरिक्त आकारमान, अभिसरण आणि प्रेक्षकाच्या दृष्टीआड होणारी शुद्धी, येथे एकत्र आढळतात. मोलकरणीच्या हातांची जागा येथे यंत्राने आणि ते चालविणाऱ्या कामगारांनी घेतली. हे श्रमही जमिनीखालीच राहिले.

४. जिवाणूंचा शोध आणि घरगुती तळटाकी :

लॉइड यांना शुद्धीचे पूर्ण कारण ज्ञात असणे शक्य नव्हते. अमोनियाचे नायट्रेटमध्ये होणारे रूपांतर हे सजीवांचे कार्य आहे, हे श्लोसिंग आणि म्युंत्झ यांनी १८७७ मध्ये सांडपाण्यावरील प्रयोगाने दाखविले. १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की यांनी त्यास कारणीभूत असलेले जिवाणू वेगळे केले. माशांच्या उत्सर्गातील विषारी अमोनियाचे प्रथम नायट्राइट व नंतर तुलनेने सौम्य नायट्रेट होते. १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखांनी अमेरिकेत 'मिनी-रीफ' पद्धत लोकप्रिय केली. तीत पाणी उघड्या माध्यमावरून ठिबकत तळटाकीत येई व जिवाणूंना भरपूर प्राणवायू मिळे. मात्र त्यातून नायट्रेट साचत जाई. 'बर्लिन पद्धती'ने सजीव खडक आणि फेसाबरोबर सेंद्रिय द्रव्य बाहेर काढणारे प्रोटीन स्किमर यांवर भर दिला.

आजच्या तळटाकीत पहिला कप्पा बहुधा स्किमरचा आणि अखेरचा पंपाचा असतो. मधल्या कप्प्यात अनेकदा दिव्याखाली सागरी शैवाल वाढवितात. ते नायट्रेट शोषून घेते. म्हणजे वॉरिंग्टन यांची वनस्पती लॉइड यांच्या जलाशयात परत आली आहे. पंप थांबताच वरच्या टाकीतील काठालगतचे आणि नळ्यांतील पाणी खाली येते. ते मावेल इतकी जागा तळटाकीत रिकामी ठेवणे, हा रचनेचा अनिवार्य नियम होय.

निष्कर्ष :

मत्स्यालयाच्या विकासाचा इतिहास बहुधा निसर्गप्रेमाचा आणि काचेचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वरील विवेचनावरून तो श्रम दृष्टीआड करण्याचाही इतिहास असल्याचे दिसते. घरगुती समुद्र कधीच स्वयंपूर्ण नव्हता. प्रथम मोलकरणीने, मग वाफेच्या यंत्राने आणि आता विजेच्या पंपाने व जिवाणूंनी तो जगविला. वीज दीर्घकाळ गेली की मत्स्यपालकास मग हाती घेऊन पाणी वरून ओतत राहावे लागते. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी लंडनमधील खिडकीपाशी जे काम चाले, तेच त्या वेळी पुन्हा करावे लागते. म्हणून तळटाकीचा अभ्यास हा केवळ तंत्राचा विषय न राहता सामाजिक इतिहासाचाही विषय ठरतो.